"बोलण्याचा जीन सापडला" म्हणून फिरतंय ते नोव्हा-१ प्रकरण नक्की काय आहे?

गवतीचहा

सोसायटीच्या ग्रुपवर परवा फॉरवर्ड आला, "शास्त्रज्ञांना बोलण्याचा जीन सापडला, निअँडरथल माणूस मुका होता हे सिद्ध", खाली ब्रह्मांडाचा फोटो आणि जोडलेले हात. लगेच तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी "म्हणूनच वाचा ही दैवी देणगी" असं टाकलं. मी तिथे गप्प बसले कारण मागच्या वेळी मी एका फॉरवर्डला खोटं म्हटलं तर विषय फिरत फिरत आमच्या पार्किंगवर आला होता. पण पोटात राहीना म्हणून इथे धागा काढतेय. मी कॉलेजात मॉलिक्युलर बायॉलॉजी शिकवते, नोव्हा दरवर्षी शिकवते आणि तो माझा लाडका विषय आहे, तेव्हा थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

तर या जीनची गोष्ट बोलण्यापासून सुरूच होत नाही. ती सुरू होते डोळ्यांपासून, आणि तेही कॅन्सरच्या पेशंटच्या.

१९८० च्या दशकात न्यूयॉर्कच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना काही विचित्र पेशंट दिसले, बहुतेक बायका. डोळे एका जागी ठरत नाहीत, आपोआप वरखाली आडवेतिडवे उड्या मारतात, चालताना तोल जातो, अंगाला झटके बसतात. मेंदूत बघावं तर गाठ नाही, काही नाही. आणि शोधता शोधता निघायचा स्तनाचा कॅन्सर, कधी फुप्फुसाचा. म्हणजे आजार छातीत आणि नाच डोळ्यांत. भानगड अशी होती की त्या गाठीतल्या पेशी एक असं प्रोटीन बनवत होत्या जे एरवी फक्त मेंदू आणि मज्जारज्जूतल्या पेशी बनवतात. आपली प्रतिकारशक्ती मेंदूत फारशी फिरकत नाही, त्यामुळे तिच्या दृष्टीने हे प्रोटीन परकं, मग ती गाठीवर तुटून पडते (ते चांगलंच), पण अंगात ती तयारी झाली की तेच प्रोटीन असलेल्या मेंदूतल्या पेशींवरही चाल करून जाते. रक्तात ज्या अँटीबॉडी सापडल्या त्यांना नाव पडलं अँटी-री. हे "री" म्हणजे पहिल्या पेशंटच्या आडनावाची पहिली दोन अक्षरं, या शाखेत तशी पद्धतच होती, हू, यो, री.

मग रॉकफेलर विद्यापीठातल्या रॉबर्ट डार्नेल आणि मंडळींनी याच अँटीबॉडींचा गळ केला, मेंदूच्या जीन्सच्या साठ्यात टाकला आणि त्याला कोण लागतंय ते बघितलं. १९९३ साली जे लागलं ते नोव्हा-१. नोव्हा म्हणजे नवतारा वगैरे नाही हं, "न्यूरो-ऑन्कॉलॉजिकल व्हेंट्रल अँटिजेन" याची आद्याक्षरं आहेत. व्हेंट्रल का, तर हे प्रोटीन मेंदूच्या मागच्या खालच्या भागात आणि मज्जारज्जूच्या पोटाकडच्या बाजूला जास्त सापडतं. आपल्यात हा जीन १४ नंबरच्या गुणसूत्रावर असतो.

आणि प्रोटीनचं काम? आरएनएचं स्प्लायसिंग कुठे कसं करायचं ते ठरवणं. बस. बोलणं बिलणं त्याच्या नेमणूकपत्रात कुठेच नाही.

हुकलेलीलोकल

डोळ्यांपर्यंत एकदम मस्त चाललं होतं आणि शेवटी तुम्ही स्प्लायसिंग म्हणून मोकळ्या झालात. आम्ही कॉमर्सवाले. जरा इस्कटून सांगा की.

शनिवारपेठी

आधी एक विनंती. जीन ही पँट असते. मराठीत "जनुक" हा सुंदर शब्द उपलब्ध आहे, तो वापरायला कष्ट पडत नाहीत.

गवतीचहा

शनिवारपेठी काका, पेपर तपासताना मीसुद्धा जनुकच लिहिते, पण वर्गात तोंडात जीनच येतं. तुम्ही वाचताना बदलून घ्या.

@हुकलेलीलोकल, तुमच्या घरी लग्नाची व्हिडिओ कॅसेट असेल बघा, ९० च्या दशकातली. शूटिंगवाल्याने सीमांतपूजनापासून पाठवणीपर्यंत सगळं शूट केलेलं असायचं, मध्येच कोणीतरी कॅमेऱ्यासमोर आलंय, जनरेटर बंद पडलाय, दहा मिनिटं नुसता मांडवाचा खांब. ते कच्चं शूटिंग म्हणजे जीनवरून उतरवून घेतलेला कच्चा आरएनए. मग तो स्टुडिओत बसून खांब आणि अंधार कापतो, कामाचे तुकडे एकमेकांना जोडतो. कापून टाकायचे तुकडे म्हणजे इन्ट्रॉन, ठेवायचे ते एक्झॉन. हे कापून जोडणं म्हणजे स्प्लायसिंग. १९७७ मध्ये फिलिप शार्प आणि रिचर्ड रॉबर्ट्स या दोघांच्या गटांनी वेगवेगळं शोधलं, १९९३ चं नोबेल त्यालाच.

आता गंमत. शूटिंग एकच, पण वरपक्षाला दिलेल्या कॅसेटमध्ये वराच्या आत्यांचा मानपान पूर्ण आणि वधूपक्षाच्या कॅसेटमध्ये तो गायब, त्याजागी मामाने मुलीला बोहल्यावर आणलं ते. दोन्ही खऱ्या, दोन्ही वेगळ्या. आपल्या शरीरात प्रोटीन बनवणारे जीन साधारण २०,००० आहेत, आणि ज्यांच्यात एकाहून जास्त तुकडे आहेत त्यातल्या सुमारे ९५ टक्के जीन्सच्या अशा एकाहून जास्त कॅसेटी निघतात. मेंदू तर या बाबतीत अगदी पेशवाई करतो. लिव्हरमध्ये एक कट, मेंदूत दुसरा.

नोव्हा-१ म्हणजे मेंदूच्या स्टुडिओत एडिटरच्या शेजारी खुर्ची टाकून बसलेला मामा. स्वतः कात्री चालवत नाही, पण "हा तुकडा ठेव, तो काढ" हे सांगतो.

हुकलेलीलोकल

आता समजलं. आमच्या कॅसेटमध्ये खांबच ठेवलाय अख्खा, त्याला इन्ट्रॉन म्हणतात हे आज कळलं.

खवचटखवय्या

मामाला कळतं कसं पण कुठला तुकडा ठेवायचा ते? तिथे कोणी लिहून ठेवलंय का?

गवतीचहा

हो, लिहून ठेवलेलं असतं, तेच तर. आरएनएच्या अक्षरांमध्ये वाय-सी-ए-वाय असा एक छोटा चार अक्षरी खूणशब्द असतो (वाय म्हणजे सी किंवा यू, दोन्ही चालतं). नोव्हाला आरएनए पकडायला तीन पंजे आहेत, केएच डोमेन म्हणतात त्यांना, ते हा खूणशब्द शोधून चिकटतात. एकटा दुकटा खूणशब्द कुठेही सापडेल, पण तोच जवळजवळ चार-पाच वेळा आला की तिथे नोव्हा बसतो.

आणि मला दरवर्षी शिकवताना मजा येते तो भाग हा की नोव्हा कुठे बसला त्यावर हुकूम उलटा होतो. तुकड्याच्या आधी किंवा तुकड्यावरच बसला तर तुकडा बहुतेक वगळला जातो, तुकड्याच्या पुढे बसला तर बहुतेक ठेवला जातो. मामा तोच, कुठल्या दाराशी उभा आहे त्यावरून हो किंवा नाही. २००६ मध्ये याचा अख्खा नकाशाच छापला या लोकांनी.

तो नकाशा काढता आला कारण त्याआधी २००३ मध्ये त्यांनी क्लिप नावाची युक्ती काढली होती. जिवंत मेंदूच्या ऊतीवर अल्ट्राव्हायोलेट प्रकाश टाकायचा, त्याने प्रोटीन आणि आरएनए जिथे चिकटलेत तिथे पक्के वेल्ड होतात, मग नोव्हाला ओढून काढायचं, सोबत आलेला आरएनए वाचायचा. चोर आणि मुद्देमाल हातकडीसकट. उंदराच्या मेंदूत पहिल्याच फेरीत ३४ आरएनए असे सापडले जे पुन्हा पुन्हा येत होते, आणि त्यातले तीन चतुर्थांश सायनॅप्सवर, म्हणजे दोन चेतापेशींच्या सांध्यावर काम करणाऱ्या प्रोटीनचे. एक तृतीयांश तर "गप्प बस" सांगणाऱ्या यंत्रणेचे, म्हणजे एका पेशीने दुसरीला थांबवण्याचे. आता ते डोळे आठवा. ब्रेकचं स्प्लायसिंग बिघडलं तर डोळे आणि अंग थांबणार कसे? (याचा अर्थ प्रत्येक पेशंटमध्ये नेमकं असंच होतं असं नाही, प्रतिकारशक्ती पेशी मारतेही. पण जोडी चपखल बसते.)

अभंगवाणी

वाचतेय. नोव्हा-१ काढूनच टाकला तर काय होतं असा प्रयोग केलाय का कुणी?

गवतीचहा

केलाय, २००० साली. ज्यांच्यात नोव्हा-१ नाही असे उंदीर जन्माला येतात, दिसायला ठीक, पण मग हालचाली बिघडतात, मज्जारज्जू आणि मेंदूच्या खोडातल्या पेशी मरत जातात आणि पिल्लं थोड्याच दिवसांत जातात. नोव्हा-२ म्हणून याचा सख्खा भाऊ आहे, तो मेंदूच्या वरच्या भागात, कॉर्टेक्समध्ये जास्त असतो. दोघेही काढले तर पिल्लू जन्मतःच लुळं. त्यातलं एक कारण फार नेटकं सापडलं, अॅग्रिन नावाचं प्रोटीन आहे, चेतातंतू आणि स्नायूचा सांधा बांधायला लागतं, पण त्याची चेतापेशीतली खास आवृत्तीच लागते आणि ती कापून द्यायला नोव्हा हवा. नोव्हा नाही तर चुकीची कॅसेट, चुकीची कॅसेट तर सांधाच नाही.

डॉ_दुपारचीओपीडी

न्यूरॉलॉजीत आहे म्हणून दोन ओळी. अँटी-री मी आजवर एकदाच पाहिलंय, दुर्मिळ आहे. डोळ्यांच्या त्या नाचाला ऑप्सोक्लोनस म्हणतात. प्रत्येक ऑप्सोक्लोनस म्हणजे अँटी-री नाही आणि प्रत्येक डोळा फडफडणं म्हणजे ऑप्सोक्लोनस नाही, कृपा करून आज रात्री कोणी आरशासमोर उभं राहू नका. लहान मुलांत असेच डोळे दिसले तर न्यूरोब्लास्टोमा (मुलांतला चेतापेशींचा कॅन्सर) शोधतात, तिथे अँटी-री सहसा नसतं. काही पेशंटमध्ये जबडा आवळला जातो, घसा आवळून श्वासाला त्रास होतो. उपचारात मुख्य म्हणजे मूळ गाठ लवकर शोधणे आणि काढणे, बाकी स्टेरॉइड वगैरे जोडीला.

पायवाट

डॉक्टर, तुम्ही लिहिलंत म्हणून लिहितो, नाहीतर लिहिणार नव्हतो.

माझ्या मावशीचं असंच झालं होतं. भिंत धरून चालायची, आणि डोळे असे करायची की आम्हाला वाटायचं मुद्दाम करतेय, देवा. आठ महिने एका मोठ्या हॉस्पिटलात "टेन्शनमुळे होतंय, मुलगा परदेशी गेल्यापासून सुरू झालंय ना" असं ऐकत होतो, झोपेच्या गोळ्या चालू. काका बिचारे रोज संध्याकाळी देवळात. शेवटी दुसऱ्या गावातल्या एका तरुण डॉक्टरीणबाईने मोबाइलवर डोळ्यांचा व्हिडिओ काढला, स्लो करून बघितला आणि म्हणाली मॅमोग्राफी करा. आम्ही म्हटलं डोळ्याचं आणि त्याचं काय. केली. होतं. अगदी बारीक होतं, सुपारीएवढंही नाही. त्यानंतर रक्ताच्या रिपोर्टवर अँटी-री पॉझिटिव्ह असं लिहून आलं होतं, मला ते "री" म्हणजे रिपोर्टचं काहीतरी असेल असं आत्तापर्यंत वाटत होतं, आज तुमच्या धाग्यात कळलं की ते कुणाचं तरी आडनाव आहे.

मावशी आता काठी घेऊन चालते, डोळे बरेच थांबलेत. टीव्ही बघते, मालिका बघताना आम्हाला बोलू देत नाही.

गवतीचहा

पायवाट, काय लिहू कळत नाही. मावशींना नमस्कार सांगा. मी वर जे "मस्त गोष्ट" या सुरात लिहिलंय ते आता परत वाचताना मलाच कसंतरी झालं.

पायवाट

अहो नाही नाही, उलट बरं वाटलं. आठ महिने कोणी काहीच सांगत नव्हतं, आता निदान त्या प्रोटीनचं नाव तरी माहीत झालं. मावशीला सांगणार आहे तुझ्या रोगामुळे शोध लागला म्हणून, खूश होईल.

खवचटखवय्या

मी विषयावर आणतो. निअँडरथल कुठे आहे यात? फॉरवर्ड तरी चक्क खोटा की थोडा खरा?

गवतीचहा

थोडा खरा, म्हणूनच जास्त त्रासदायक.

नोव्हा-१ प्रोटीन ५०० च्या आसपास अमिनो आम्लांची (प्रोटीन ज्यांचं बनतं ते मणी) माळ आहे. या माळेतला १९७ वा मणी निअँडरथल आणि डेनिसोव्हन (आपल्या जवळचे, आता नामशेष झालेले मानव) यांच्यात आयसोल्युसीन होता. उंदरातही तोच आहे, बाकीच्या प्राण्यांतही. आपल्यात, म्हणजे आजच्या माणसांत, तिथे व्हॅलीन आहे. एक मणी. आणि बदल नेमका आरएनए पकडणाऱ्या भागात. एका मोठ्या डेटाबेसमध्ये ६,५०,०५८ लोकांचा हा भाग तपासला तर सहाजण सोडून सगळ्यांकडे व्हॅलीनच. पुसून टाकावं तसं जुनं अक्षर गेलंय, म्हणजे कधीतरी याचा काहीतरी फायदा झाला असावा असा अंदाज.

मग २०२५ च्या फेब्रुवारीत डार्नेलच्याच लॅबने, योको ताजिमा यांनी मुख्य काम केलेला पेपर आला. त्यांनी उंदरांमध्ये तो मणी बदलून माणसासारखा व्हॅलीन केला. उंदीर धडधाकट, चालतो फिरतो, नोव्हाचं आरएनए पकडणंही मोठ्या प्रमाणात तसंच. पण बदल झाला तो काही मोजक्या जीन्सच्या कापाकापीत, आणि त्यात आवाज काढण्याशी संबंधित बरेच. मग पिल्लांचा आवाज तपासला. पिल्लांना आईपासून बाजूला केलं की ती आपल्याला ऐकू न येणाऱ्या बारीक आवाजात ओरडतात, तो ओरडा बदललेला निघाला. मोठे झाल्यावर नर माद्यांसमोर जे गातात तेही बदललं.

इथून "बोलण्याचा जीन" आला. बाकी सगळं व्हॉट्सॲपची कृपा.

ध_चा_मा

माझ्या आयडीला साजेसा विषय. एका अक्षराने सगळा इतिहास बदलला की. "नारायणरावास धरावे" चं "मारावे" झालं, गारदी शनिवारवाड्यात घुसले. तसंच एक आयसोल्युसीन गेला व्हॅलीन आला आणि माणूस बोलता झाला. कविता आहे ही.

शनिवारपेठी

आनंदीबाईंनी पत्रात ध चा मा केला ही आख्यायिका आहे. नारायणराव पेशव्यांचा खून ३० ऑगस्ट १७७३ रोजी झाला हे खरं, अक्षर बदलल्याचा तो कागद मात्र कुणी दाखवलेला नाही. बाईंच्या माथी मारलं म्हणजे मोकळे.

गवतीचहा

काका, या वेळी तुमच्या बाजूने आहे, आणि नुसत्या इतिहासात नाही तर बायॉलॉजीतही.

ध चा मा झालाय असं समजूनच सगळे चुकतात. आयसोल्युसीन आणि व्हॅलीन ही जवळजवळ जुळी भावंडं आहेत. दोघंही पाण्यापासून तोंड फिरवणारी, फरक फक्त एका कार्बन आणि दोन हायड्रोजनचा. धरावे-मारावे असा उलटा अर्थ व्हायला तिथे एखादं विद्युतभार असलेलं अमिनो आम्ल यावं लागलं असतं, मग प्रोटीन मोडलंच असतं आणि पिल्लं मेली असती. हा बदल म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ. "दिन" चा "दीन". वाचताना नीट लक्ष नसेल तर कळणारही नाही.

आणि दुसरं, तो बदल मूळ मजकुरात नाहीये, संपादकात आहे. ऱ्हस्व-दीर्घ जर लेखकाच्या एका ओळीत चुकलं तर एकच ओळ बिघडते. पण संपादकाचीच सवय किंचित बदलली, तो वेलांटी जरा लांब काढायला लागला, तर त्याच्या हाताखालून जाणाऱ्या शेकडो लेखांत थोडं थोडं काहीतरी होतं, आणि बहुतेक ठिकाणी काहीच होत नाही. उंदरांत अगदी हेच दिसलं. त्यामुळे "या जीनमुळे बोलतो" हे वाक्यच बसत नाही. बोलणं या जीनमध्ये लिहिलेलं नाही.

खवचटखवय्या

पण उंदराचा आवाज बदलला म्हणजे माणसाचं बोलणं? उंदीर काय भाषण करतोय? माझं मांजर भूक लागली की वेगळं ओरडतं आणि राग आला की वेगळं, त्याला व्याकरण म्हणायचं का?

गवतीचहा

मान्य. आवाज बदलणं आणि भाषा येणं यात खूप अंतर आहे आणि मला त्या पेपरच्या मथळ्यांपेक्षा आतला स्प्लायसिंगचा भाग जास्त आवडतो तो यामुळेच. निअँडरथल मुके होते असं त्या पेपरमधून कुठेच निघत नाही. ते काय बोलायचे हे जीनवरून कळणार नाही.

या आधी फॉक्सपी-२ नावाच्या जीनचं असंच झालं होतं. लंडनमधल्या एका कुटुंबात तीन पिढ्या बोलण्याचा त्रास, २००१ मध्ये जीन सापडला, सगळीकडे "भाषेचा जीन". मग २००७ मध्ये कळलं की त्यातले जे दोन बदल माणसाचे खास म्हणून सांगत होते ते निअँडरथलमध्येही आहेत. २०१८ मध्ये अजून एक अभ्यास आला की अलीकडच्या काळात त्यावर नैसर्गिक निवड झाल्याचा जो पुरावा मानत होते तो टिकत नाही. फॉक्सपी-२ महत्त्वाचा आहेच, पण तो मुकुट उतरला. आता तोच नोव्हाच्या डोक्यावर ठेवायला निघालेत.

सॅनडिएगोचाखंड्या

इथे राहतो म्हणून अभिमानाने सांगतो, याच नोव्हा-१ वर आमच्या गावच्या युनिव्हर्सिटीत अॅलिसन मुओत्री यांच्या लॅबने आधी २०२१ मध्ये उलटा प्रयोग केला होता. माणसाच्या स्टेम सेल (कुठलीही पेशी बनू शकणाऱ्या मूळ पेशी) घेऊन क्रिस्परने, म्हणजे जीन कापून बदलायच्या तंत्राने, त्या मण्याचा परत आयसोल्युसीन केला आणि त्यापासून डिशमध्ये छोटे मेंदूचे गोळे वाढवले, ऑर्गनॉइड म्हणतात. ६१ जीन्समध्ये आपण आणि जुने मानव वेगळे असल्याचं काढून त्यातून त्यांनी नोव्हा-१ निवडला होता. साधे गोळे गुळगुळीत गोल, आणि जुन्या नोव्हाचे खडबडीत, लाह्यांसारखे, आकाराने लहान. तेव्हा इथल्या पेपरात जाम गाजलं, आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीतही कुणीतरी निअँडरथलच्या मेंदूवर भाषण दिलं होतं, मोदकांना उशीर झाला होता म्हणून सगळ्यांनी ऐकलं.

डॉ_दुपारचीओपीडी

त्या पेपरवर त्याच वर्षी जर्मनीतल्या लायप्झिगच्या संशोधकांनी आक्षेप घेतला होता ना? क्रिस्परने कापताना त्या जागी नको ते बदल झाले असावेत आणि ते नीट तपासले नाहीत, असा.

सॅनडिएगोचाखंड्या

हो घेतला होता. यांनी उत्तरही छापलं. मला दोन्ही वाचून डोकं दुखलं. गोळा लाहीसारखा का झाला, मण्यामुळे की कापाकापीत झालेल्या गोंधळामुळे, हा प्रश्न आहेच. उंदरांच्या पेपरचं महत्त्व मला त्यामुळे वाटतं, अख्खा प्राणी आहे, आणि तो जिवंत, निरोगी आहे.

गवतीचहा

हो, खंड्या, आणि अजून एक फरक बघ. गोळ्यांमध्ये आपला मणी काढून जुना घातला, उंदरात जुना काढून आपला घातला. मला दुसरा प्रश्न जास्त प्रामाणिक वाटतो. कारण आपल्या पेशीतलं बाकी सगळं आपल्या मण्याबरोबर हजारो पिढ्या नांदलंय, त्यात एकदम जुना मणी टाकला की बिघाड दिसणारच, सुनेला काढून पणजीला स्वयंपाकघरात उभं केल्यासारखं, गॅस कसा लावायचा इथून सुरुवात. अर्थात उंदराच्या बाबतीतही हे म्हणता येईल, पण तिथे बिघाड दिसला नाही, बारीक बदल दिसला. असो, हे माझं मत.

अबोली२२

मला वेगळं विचारायचंय. २०२१ मध्ये आपल्याकडे लहान बाळांच्या १६ कोटींच्या इंजेक्शनसाठी सगळीकडे पैसे गोळा करत होते, आम्हीही दिले होते ऑफिसातून. तो आजार पण जीनचा होता. ते स्प्लायसिंगचंच औषध होतं का?

डॉ_दुपारचीओपीडी

छान प्रश्न. एसएमए, स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफी. ते १६ कोटींचं इंजेक्शन स्प्लायसिंगचं नाही, त्यात एका निरुपद्रवी विषाणूत भरून चांगला जीनच देतात. पण त्याच आजाराची दुसरी दोन औषधं मात्र थेट स्प्लायसिंगवर चालतात. या मुलांमध्ये एसएमएन-१ जीन गेलेला असतो, पण एसएमएन-२ नावाचा जवळजवळ तसाच जीन असतो, त्याचा ७ वा एक्झॉन बहुतेक वेळा कापला जातो म्हणून प्रोटीन अर्धवट. न्युसिनर्सेन हे औषध त्या आरएनएवर नेमक्या ठिकाणी चिकटतं आणि ७ वा एक्झॉन कापू देत नाही. कोल्ड स्प्रिंग हार्बर लॅबमधल्या एड्रियन क्रेनर यांच्या कामावर ते उभं आहे, अमेरिकेत २०१६ च्या डिसेंबरात मान्यता. ते पाठीच्या कण्यातून द्यावं लागतं. रिस्डिप्लाम तोंडाने घ्यायचं आहे, २०२० मध्ये मान्यता.

थोडक्यात लग्नाच्या कॅसेटमध्ये मामाऐवजी औषध जाऊन बसतं आणि म्हणतं, हा तुकडा कापायचा नाही.

अबोली२२

ओह्ह. म्हणजे हे सगळं नुसतं निअँडरथलचं नवल नाहीये. थँक यू डॉक्टर.

अभंगवाणी

मला विचारायचंय की ऑटिझमशी नोव्हाचा काही संबंध आहे का? मुलगा ऑटिस्टिक आहे आणि प्रत्येक नवीन जीन वाचला की मी गुगल करत बसते, रात्रीचे दोन वाजतात.

गवतीचहा

ताई, नोव्हा-२ मध्ये एका प्रकारचे बदल झालेल्या काही मुलांचा अहवाल २०२० मध्ये आला होता, त्यांच्यात विकासाचा उशीर आणि ऑटिझमची लक्षणं होती. फार थोडी मुलं होती ती. आणि मेंदूत अगदी छोटे, ३ ते २७ अक्षरांचे मायक्रोएक्झॉन असतात, त्यांचं स्प्लायसिंग काही ऑटिस्टिक लोकांच्या मेंदूत कमी झालेलं टोरांटोच्या गटाला २०१४ मध्ये दिसलं, पण ते सांभाळणारं मुख्य प्रोटीन वेगळं, नोव्हा नाही. ऑटिझममागे शेकडो जीन्स आहेत, एकाच नावावरून तुमच्या मुलाबद्दल काही सांगता येणार नाही. तुमच्या बाळाच्या टेस्टचे रिपोर्ट असतील तर जेनेटिक काउन्सेलरला दाखवा, आणि दोन वाजता फोन बाजूला ठेवा. हे मी सांगतेय जी स्वतः दीड वाजता उत्तरं लिहितेय.

अभंगवाणी

:) ठेवते.

शनिवारपेठी

एक राहिलं. स्प्लायसिंगला मराठी शब्द काय? "कातरजोड" चालेल का? संधी-विग्रह म्हटलं असतं पण मग व्याकरणवाले आणि परराष्ट्र खातं दोघंही रागावतील.

खवचटखवय्या

कातरजोड मस्त आहे काका. त्यात कात्री पण आली आणि शिंपी पण.

गवतीचहा

घेतला. पुढच्या सेमिस्टरपासून फळ्यावर हाच. मुलं परीक्षेत लिहितील आणि बाहेरचा परीक्षक मार्क कापेल, ते बघून घेऊ.

ध_चा_मा

मी आयडी बदलून "दिन_चा_दीन" घेऊ का आता?

शनिवारपेठी

घ्या. निदान त्यात कुणा बाईवर आळ नाही.

हुकलेलीलोकल

माझा शेवटचा प्रश्न. ते सहा जण. साडेसहा लाखांत ज्यांच्याकडे जुना मणी आहे. त्यांचं काय झालं? बोलतात ना ते नीट?

गवतीचहा

मलाही तेच वाचून खुर्चीतून उठावंसं वाटलं होतं. पण त्या डेटाबेसमध्ये नावं नसतात. वय नाही, गाव नाही. त्यांच्यातला कोणी वकील असेल, कोणी कीर्तनकार असेल, कुणाला ग्रुपवर फॉरवर्ड पाठवायची सवय असेल. त्यांना स्वतःलाही माहीत नसणार.

पायवाट

मावशीला आज फोनवर सांगितलं सगळं. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, मग त्या री बाईंचं पुढे काय झालं? मला काही सांगता आलं नाही.

डॉ_दुपारचीओपीडी

पेपरमध्ये दोन अक्षरंच उरतात हो. मावशींना म्हणावं पुढच्या वेळी ओपीडीत आलात तर चहा माझ्याकडे, मालिकेची वेळ सोडून.